डॉक्टर वाहून घेतात, खेळाडू वळतात

ठाण्यात हिरानंदानी मेडोजजवळ महापालिकेचे एक नाट्यगृह आहे. त्याचे नाव 'डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह'. त्या पाटीखालून आत शिरताना पहिल्या अक्षरापाशी कोणी थबकत नाही. घाणेकर दंतवैद्य होते हे सर्वांना ठाऊक आहे. पण नाट्यगृहाला त्यांचे नाव मिळाले ते 'रायगडाला जेव्हा जाग येते'मधला संभाजी आणि 'अश्रूंची झाली फुले'मधला लाल्या यांच्यामुळे, कोणाच्या दाढा काढल्यामुळे नव्हे. तरीही 'डॉ.' राहिले ते राहिलेच. श्रेयनामावलीच्या अखेरीस 'आणि... डॉ. काशिनाथ घाणेकर' अशी घोषणा होत असे तेव्हा ते होते. २०१८ साली त्यांच्यावर चित्रपट निघाला तेव्हा त्याच्या नावातही ते होते. डॉ. श्रीराम लागू, डॉ. मोहन आगाशे, डॉ. गिरीश ओक, डॉ. अमोल कोल्हे. नाटकाच्या जाहिरातीत ही पदवी इतकी सवयीची झाली आहे की भूमिका वाटताना दिग्दर्शक नाडी तपासत असावा असे वाटावे.

पदवीविषयी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती तिच्या सोबतीने येणाऱ्या क्रियापदांविषयी. डॉक्टर नट होतो तेव्हा तो 'रंगभूमीला वाहून घेतो'; 'चालता व्यवसाय सोडतो'. खेळाडू नट होतो तेव्हा तो 'अभिनयाकडे वळतो', फार तर 'रुपेरी पडद्यावर नशीब आजमावतो'. पहिल्याचा तो त्याग असतो, दुसऱ्याची ती हौस असते किंवा नाइलाज. आपल्या वर्तमानपत्रांनी, चरित्रकोशांनी आणि (हे अधिक खेदाचे) आपल्या समीक्षेने ही क्रियापदे इतक्या निष्ठेने वाटून दिली आहेत की तिथे काही पक्षपात आहे हेही जाणवू नये. मराठी समीक्षा शरीराला दुय्यम मानते. ज्याने आयुष्याचा पहिला भाग डोक्याने कमावला त्याचा दुसरा भाग तिला वाचावासा वाटतो. ज्याने तो पायांनी आणि खांद्यांनी कमावला त्याच्याकडे ती गंमत म्हणून पाहते. प्रस्तुत लेख या एकाच गोष्टीविषयी आहे.

सलील अंकोला यांचे उदाहरण घेऊ. जन्म सोलापूरचा, १ मार्च १९६८. महाराष्ट्राकडून प्रथम श्रेणीच्या पहिल्याच सामन्यात गुजरातविरुद्ध हॅट्ट्रिक. नोव्हेंबर १९८९ मध्ये कराचीला कसोटी पदार्पण. सचिन तेंडुलकर आणि वकार युनूस यांचे पदार्पणही त्याच सामन्यातले. दोन बळी मिळाले, आणि ती पहिली कसोटी हीच शेवटची ठरली. पुढे तुटक तुटक २० एकदिवसीय सामने. मग डाव्या पायाच्या नडगीत हाडाची गाठ निघाली आणि वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी वेगवान गोलंदाजाचा पाय कामातून गेला. त्यानंतर 'कोरा कागज' ही मालिका, महेश मांजरेकरांचे 'कुरुक्षेत्र' (२०००) आणि 'पिताह' (२००२), २००६ मध्ये 'बिग बॉस'चे पहिले पर्व, २०१६ पासून 'कर्मफल दाता शनि'मधला सूर्य. मग पुन्हा क्रिकेट : डिसेंबर २०२० मध्ये मुंबईच्या निवड समितीचे अध्यक्षपद, २०२३ ते २०२४ राष्ट्रीय निवड समितीचे सदस्यत्व.

एका माणसाच्या आयुष्यात हे सगळे बसले. आता हे आयुष्य आपण कोणत्या वाक्यात सांगतो ते पाहा. 'सचिनबरोबर पदार्पण केले, पण...' या 'पण'पुढे काय येते हे महत्त्वाचेच राहत नाही. संपूर्ण माणूस दुसऱ्याच्या चरित्रातील तळटीप होतो. दोन दशकांच्या आसपास पसरलेली अभिनयाची कमाई ही त्या तळटिपेतील एक स्वल्पविराम ठरते. क्रिकेट गेले, (मध्ये मालिका वगैरे), क्रिकेटमध्ये परतले. 'वगैरे' हा शब्द समीक्षकाने वापरला की समजावे, त्याने ते पाहिलेले नाही.

मी अंकोलांना थोर नट ठरवायला निघालेलो नाही. त्यांच्या वाट्याला आलेली कामे बहुतांश दुय्यम होती, काही निव्वळ साचेबंद होती. परंतु 'ठीक होते' किंवा 'वाईट होते' हे म्हणण्यासाठीसुद्धा आधी पाहावे लागते. पौराणिक मालिकेत नटाच्या डोक्यावर मुकुट, अंगावर सोनेरी चिलखत, मागे संगणकाने काढलेले तेज. भरताच्या भाषेत सांगायचे तर आहार्य अभिनयाने बाकीचे तीन गिळून टाकलेले असतात. अशा वेळी नटाजवळ उरते काय? उभे राहण्याची पद्धत, मानेचा कोन आणि चालण्याची लय. सावळ्या मुलाला नाकारणारा सूर्य हा ताठ मानेचा बाप आहे. तो मानेतून दिसावा लागतो. ज्या माणसाने वर्षानुवर्षे पंचवीस-तीस पावलांची तीच धाव हजारो वेळा घेतली, प्रत्येक वेळी त्याच रेषेवर त्याच पावलाने उतरला, त्याच्या अंगात हा हिशेब कुठे आणि किती उतरला, कुठे तो नुसता पुतळा झाला, हे तपासणे हा अभ्यासाचा विषय आहे. तो कोणी केला नाही. केला असता आणि निष्कर्ष प्रतिकूल निघाला असता, तरी माझी हरकत नव्हती.

अंकोला एकटे नाहीत. सुनील गावसकर १९८० साली 'सावली प्रेमाची' या मराठी चित्रपटाचे नायक होते. संदीप पाटील यांचा 'कभी अजनबी थे' १९८५ चा. त्यात सय्यद किरमाणीही होते. विनोद कांबळी 'अनर्थ'मध्ये (२००२) दिसले. हे चित्रपट आज कोणी आवडीने पाहत असेल असे नाही आणि त्याबद्दल गळा काढण्याचे कारण नाही. पण संदीप पाटलांचे उदाहरण मासलेवाईक आहे. याच माणसाने 'एकच षटकार' या मराठी क्रीडा नियतकालिकाचे संपादन केले. म्हणजे खेळणे, अभिनय करणे आणि लिहिते-लिहवते होणे ही तिन्ही कामे एका मराठी माणसाने केली. एखाद्या प्राध्यापकाने यातली दोन केली असती तर त्याला 'अष्टपैलू व्यक्तिमत्त्व' म्हणून गौरवग्रंथ निघाला असता. (अष्टपैलू हा शब्द मुळात क्रिकेटच्या समालोचनातून आपल्या कानांवर सर्वाधिक पडतो, ही आणखी एक गंमत.)

डोंबिवलीत राहणारे माझे एक ज्येष्ठ स्नेही नाटक हाच विषय आयुष्यभर शिकवत आले. त्यांच्यापुढे हे बोललो तेव्हा ते चिडले नाहीत, पण थांबवून म्हणाले, "अहो, तुम्ही तुलनाच चुकीची करता आहात. लागू महाविद्यालयात असल्यापासून नाटक करत होते. पुण्यात दवाखाना चालवतानाही करत होते, आफ्रिकेतून परत आले ते नाटकाच्या ओढीने. १९६९ ला व्यवसाय सोडला तेव्हा त्यांच्यामागे वीस वर्षांची तालीम होती. 'नटसम्राट' त्यानंतरचे. तुमच्या गोलंदाजामागे काय होते? चेहरा आणि ओळख."

हा आक्षेप खरा आहे आणि त्याला पळवाट नाही. लागूंच्या बाबतीत डॉक्टरकी ही नटाच्या आयुष्यातील उपकथा होती. अंकोलांच्या बाबतीत चित्रपटसृष्टीने दार उघडले ते कसोटीपटूच्या नावाला. मी त्यांना एवढेच म्हणालो, "सर, मग निकष तालमीचा ठेवू या. पेशाचा नको." तालमीचाच निकष असेल, तर ज्याने रीतसर तालीम घेतली त्या खेळाडूला आपण नटाचा मान द्यायला हवा. तो जगात कुठे मिळतो का, हे पाहण्यासाठी थोडे दूर जावे लागते.

अंकोलांच्या जन्माआधी जेमतेम पाच आठवडे, २२ जानेवारी १९६८ रोजी, फ्रान्सच्या दक्षिण भागात फ्रँक लबफ जन्मला. बचावफळीतला खेळाडू. स्ट्रासबर्ग, मग १९९६ ते २००१ चेल्सी. फ्रान्सच्या संघात त्याची जागा लोराँ ब्लाँच्या मागे. म्हणजे बहुधा राखीव बाकावर. १९९८ च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ब्लाँला लाल कार्ड मिळाले आणि १२ जुलैच्या अंतिम सामन्यात लबफला उतरावे लागले. समोर ब्राझील, समोर रोनाल्डो. फ्रान्सने ३-० असा सामना जिंकला. गोल करणाऱ्या झिदानची छबी जगाने डोक्यावर घेतली. रोनाल्डोला रोखणाऱ्या बचावपटूची छबी कोणी भिंतीवर लावत नाही. लबफने निवृत्त झाल्यावर लॉस एंजेलिस गाठले, तिथे अभिनयाचे शिक्षण घेतले आणि परत येऊन फ्रेंच नाटकांतून, चित्रपटांतून छोटी-मोठी कामे करीत राहिला. २०१४ साली स्टीफन हॉकिंग यांच्या आयुष्यावरील 'द थिअरी ऑफ एव्हरीथिंग'मध्ये तो क्षणभर दिसतो. हॉकिंगच्या पत्नीला नवऱ्याच्या प्रकृतीची वाईट बातमी सांगणारा स्विस माणूस. भूमिका कोणती? डॉक्टरची.

त्या प्रसंगाचे पुढे काय झाले? क्रीडापृष्ठांना चुटका मिळाला : 'ओळखलंत का या डॉक्टरला?' विश्वविजेता फुटबॉलपटू रुग्णालयात पांढऱ्या कोटात, एवढाच विनोद. त्याने तो प्रसंग कसा केला, वाईट बातमी देणाऱ्याने आवाज किती खाली ठेवला, समोरच्या बाईच्या चेहऱ्यासाठी जागा कशी मोकळी सोडली, याबद्दल कोणी काही लिहावे इतका तो कोणाला नट वाटलाच नाही. तालीम घेऊनही नाही. तेव्हा आमच्या स्नेह्यांचा निकष तिकडेही चालत नाही. एरिक कँटोनाचे मात्र थोडे बरे झाले. 'एलिझाबेथ' (१९९८) मध्ये राजदूत आणि केन लोचच्या 'लुकिंग फॉर एरिक'मध्ये (२००९) तो स्वतःच. पण तो आघाडीचा खेळाडू होता, मैदानातच नाटकी होता, आणि दुसऱ्या चित्रपटात त्याला कँटोनाच व्हावे लागले. आघाडीवीर पडद्यावर येतो तो स्वतःची प्रतिमा घेऊन. बचावपटूला प्रतिमाच नसते. म्हणून मला लबफचे उदाहरण अधिक बोलके वाटते.

बचावपटूचे काम काय असते याचा विचार नाटकवाल्यांनी एकदा तरी करावा. नव्वद मिनिटांत चेंडू एका खेळाडूच्या पायात मोजकी मिनिटेच असतो. उरलेला सगळा वेळ तो बिनचेंडूचा खेळत असतो : सरकत, अंतर राखत, समोरच्याच्या खांद्यावरून त्याच्या पुढच्या हालचालीचा अंदाज घेत, पुढे जायचा मोह आवरत. रंगमंचावर ज्याला संवाद नाही त्या नटाचे काम यापेक्षा वेगळे असते का? स्वगत म्हणणाऱ्याकडे सगळे पाहतात. ते ऐकणारा नट ढिला पडला तर स्वगत कोसळते. आपल्याकडे 'ऐकणाऱ्या नटा'ची समीक्षा जवळजवळ नाही. कारण ऐकणे हे अंगाने होते, आणि अंगाबद्दल लिहायचे म्हटले की आपली भाषा अडखळते.

ती का अडखळते? भरताने अभिनयाचे चार प्रकार सांगताना आंगिक पहिल्या क्रमांकावर ठेवले, हे पदवीच्या पहिल्या वर्षाला आपण तोंडपाठ करून घेतो. आणि नंतर तीन वर्षे वाचिकच शिकवतो. नाटक आपल्याकडे संहिता म्हणून अभ्यासक्रमात येते; नट तिचा उच्चार करणारा म्हणून येतो. मराठी नाटकाची घडण पल्लेदार संवादांची, स्वगतांची. तिचा रसिक 'शब्दफेक', 'स्वर', 'उच्चार' यांवर जीव टाकणारा. इतिहासही त्याच बाजूचा. मास्टर विठ्ठल मूकपटांच्या काळात तलवारबाजीच्या, साहसाच्या चित्रपटांचे नायक होते. १९३१ साली 'आलम आरा' आला, त्याचेही नायक तेच. पण हिंदी उच्चार अडचणीचे होते म्हणून त्या पहिल्याच बोलपटात त्यांची भूमिका बरीचशी अबोल ठेवावी लागली, असे सांगतात. बोलता येऊ लागले आणि देहाच्या नायकाला गप्प बसवले गेले. या प्रसंगाकडे आपण गमतीदार आठवण म्हणून पाहतो. मला तो आपल्या समीक्षेचा जन्मदाखला वाटतो.

डॉक्टर-नटाचे कौतुक करताना कोणती विशेषणे येतात? अभ्यासू, संयत, चिंतनशील, भूमिकेचा मुळापासून विचार करणारा. निळू फुले पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात माळी होते. वैद्यकीय महाविद्यालयातून मराठी रंगभूमीला मिळालेला तोही एक नटच. त्यांच्यासाठी आपण कोणती विशेषणे राखून ठेवली? रांगडा, अस्सल, नैसर्गिक. सेवादलाच्या कलापथकातील तालीम, वगनाट्यातील हजरजबाबीपणा, आवाज दाबून वाक्य सोडण्याची कमावलेली लकब, हे सारे 'नैसर्गिक' या एका शब्दात विरघळून जाते. जे नैसर्गिक आहे त्याचे श्रेय द्यावे लागत नाही. पावसाचे श्रेय कोण ढगाला देतो? नागराज मंजुळे यांच्या 'झुंड'मध्ये (२०२२) नागपूरच्या वस्तीतली मुले फुटबॉल खेळतात आणि अभिनय करतात. त्यांच्याविषयी जे लिहिले गेले त्यातही 'ही मुले अभिनय करतच नाहीत' असे शिफारस म्हणून म्हटले गेले. डॉ. लागूंविषयी 'ते अभिनय करतच नाहीत' असे कोणी लिहिले असते तर तो प्रशंसेचा कळस ठरला असता. तिथे त्या वाक्याचा अर्थ 'इतका अभ्यास की तो दिसत नाही' असा होतो. मुलांच्या बाबतीत अर्थ होतो 'अभ्यास नाहीच'. एकच वाक्य आणि दोन अर्थ. यालाच मी पक्षपात म्हणतो. त्याला जातीचा आणि वर्गाचा रंग आहे, हे आमच्या विद्यार्थ्यांना सांगावे लागत नाही; ते त्यांना आमच्याआधी कळते.

हा सगळा त्रागा मला का सुचला तेही सांगतो. कल्याणपलीकडच्या एका गावातून येणारा एक विद्यार्थी एम. ए.ला माझ्याकडे आहे. कबड्डी खेळतो, उजव्या कोपऱ्यावर. म्हणजे तोही बचावपटूच. दोन वर्षे एकांकिका स्पर्धांतून कामे केली. एका स्पर्धेत परीक्षकांनी निकालानंतर त्याच्या पाठीवर हात ठेवून सांगितले, "शरीर छान कमावलं आहेस रे, आता जरा वाचत जा." त्याने त्या वर्षी किती नाटके वाचली होती हे मला माहीत आहे. परीक्षकांना माहीत असण्याची शक्यता नव्हती, आणि विचारण्याची त्यांना गरज वाटली नाही.

लघुप्रबंधासाठी त्याने विषय मांडला : खेळाडूंच्या अभिनयाकडे पाहण्याची मराठी समीक्षेची दृष्टी. अंकोला, संदीप पाटील, 'झुंड' आणि तुलनेसाठी लबफ. लबफ मला त्यानेच दाखवला. तोपर्यंत तो चित्रपट पाहूनही मला तो डॉक्टर आठवत नव्हता. विषय ज्या समितीपुढे गेला तिने 'साहित्याशी संबंध स्पष्ट नाही' असा शेरा मारून परत पाठवला. त्याच बैठकीत एका डॉक्टर-नटाच्या आत्मचरित्रावरचा विषय मंजूर झाला. त्या विषयाला माझा विरोध नव्हता. 'लमाण'सारखे पुस्तक कोणत्याही विद्यार्थ्याने वाचावे असेच आहे. पण संबंध इकडे 'स्पष्ट' आणि तिकडे 'अस्पष्ट' कोणत्या चष्म्यातून दिसला, हे मी विचारले तेव्हा चहा आला.

मुलगा निराश झाला नाही. खेळाडूंना पंचाशी वाद घालायची सवय कमी असते. त्याने मला एक गोष्ट सांगितली, ती मात्र लिहून ठेवण्यासारखी आहे. चढाई करणारा समोर येतो तेव्हा नवखा बचावपटू त्याचे हात पाहतो, आणि हात फसवतात. थोडा मुरलेला पाय पाहतो, आणि पायही फसवतात. "सर, कंबर बघायची. कंबर खोटं बोलत नाही." मग तो म्हणाला की एकांकिकेत समोरचा नट खोटे बोलत असतो तेव्हाही तो कंबरच बघतो, कुठे थांबायचे आणि कुठे उत्तर द्यायचे ते तिथून कळते. मी पस्तीस वर्षे नाटक शिकवतो आहे. समोरच्या पात्राच्या कंबरेकडे बघा असे मी कोणत्याही वर्गात सांगितलेले नाही.

विषयाचा मसुदा आम्ही पुन्हा लिहिला आहे. शीर्षकात आता 'आंगिक अभिनयाची परिभाषा' असे घातले आहे, कारण संस्कृत शब्द दिसला की संबंध स्पष्ट होतो असा माझा अनुभव आहे. आतला मजकूर तोच आहे. समितीची पुढची बैठक महिनाअखेरीस आहे.